गाडीच्या पोटाखालची स्टेपनी

गेल्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात साताऱ्याहून परत येत होतो. सात आसनी गाडी, आत आम्ही सहा जण. डिकीत बॅगा, कंदी पेढ्यांचे खोके आणि कोरेगावच्या घेवड्याची अर्धी गोणी. शिरवळ मागे टाकले आणि गाडी मागून डुलायला लागली. डावे मागचे चाक बसले होते. पाऊस रिमझिम होता आणि बाजूला थांबायला बऱ्यापैकी जागा होती, म्हणजे नशीब तसे बरेच होते. मेहुण्यांनी जॅक लावून गाडी उचलली, सामान उतरवून मी डिकीचा गालिचा वर केला, भोकात दांडा घालून फिरवला. दांडा फिरत होता, खाली तार सैल पडत होती. पण चाक जागचे हलायला तयार नव्हते. सात वर्षांत ते एकदाही खाली उतरवले नव्हते. मेहुणे म्हणाले, ‘‘थांबा, मी खाली जाऊन लाथ घालतो.’’ ते आडवे होऊन खांद्यापर्यंत गाडीखाली गेलेही. तेवढ्यात दुचाकीवरून चाललेला एक पंक्चरवाला थांबला आणि आमची विचारपूस न करताच ओरडला, ‘‘काका, आधी बाहेर या. जॅकवरच्या गाडीखाली जायचं नसतं.’’

मेहुणे बाहेर आले. त्याने गाडी जॅकवरून थोडी खाली घेतली, दुचाकीला बांधलेली लांब टॉमी काढली, बाहेरूनच टायरच्या कडेला दोन-तीन टोले दिले आणि चाक धप्पकन खाली आले. चिखल आणि गंजाने ते वरच्या पत्र्याला नुसते चिकटून बसले होते.

हा प्रसंग सांगितला की ऐकणारे दहातले आठ जण म्हणतात, ‘‘आमच्या गाडीची स्टेपनी कुठे आहे, हे बघायला हवं.’’ म्हणून हा लेख.

‘स्टेपनी’ हा शब्द आपण मराठीच असल्यासारखा वापरतो, पण तो आला आहे ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातल्या लानेली नावाच्या गावातून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींना जादा चाक नसेच. टायर फुटला की रस्त्यात बसून तो दुरुस्त करायचा. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी आऱ्या नसलेली, टायर चढवलेली एक कडी तयार केली. ती बसलेल्या चाकालाच शेजारून आवळायची आणि पुढे निघायचे. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून हे ‘स्टेपनी’ चाक. इंग्लंडात हा शब्द आता कुणाला आठवत नाही. आपल्याकडे, बांगलादेशात आणि माल्टामध्ये तो टिकला. ब्राझीलमध्ये तर त्याचे ‘एस्तेपे’ झाले.

ही स्टेपनी गाडीच्या पोटाखाली गेली ती जागेच्या हट्टापायी. तिसऱ्या रांगेतल्या माणसांना बसवायचे, वर सामानही ठेवायचे, मग चाक कुठे ठेवणार? बोलेरो, थार यांनी ते मागच्या दारावर टांगले. इनोव्हा, अर्टिगा, स्कॉर्पिओ, सफारी, कॅरेन्स यांनी ते खाली लटकवले. आता त्यात सीएनजीची भर पडली आहे. पिंपरीत तयार होणाऱ्या अल्ट्रॉझच्या दोन सिलिंडरवाल्या सीएनजी गाडीत डिकीच्या तळाशी टाक्या आल्या आणि चाक बाहेर, खाली गेले. म्हणजे ‘आमची काही मोठी गाडी नाही’ असे म्हणून सुटका नाही. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचा संच असलेल्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीतून सूटही मिळाली. त्यामुळे आपल्या गाडीत ती आहे का, इथपासूनच पाहायला हवे.

लटकवण्याच्या तऱ्हा दोन. एकात लोखंडी पिंजरा असतो. डिकीतला लांब बोल्ट सैल केला की पिंजऱ्याची मागची बाजू खाली येते आणि चाक ओढून काढायचे. दुसरी तऱ्हा जास्त दिसते. विहिरीच्या रहाटासारखी एक छोटी गिरकी असते, तिच्यावर तार किंवा साखळी गुंडाळलेली आणि तारेच्या टोकाला एक तबकडी. ही तबकडी चाकाच्या मधल्या भोकात खालून अडकते. डिकीत किंवा बंपरच्या वर असलेल्या भोकातून दांडा घालून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवले की चाक खाली येते. आतली दातेरी रचना अशी असते, की दांडा फिरवला तर तार हलते, पण चाकाच्या वजनाने ती आपोआप उलगडत नाही. तार पुरेशी सैल झाली की तबकडी तिरकी करून चाकाच्या भोकातून काढायची. इथे लोक घाई करतात. तार ताणलेली असताना तबकडी तिरकी होतच नाही आणि मग ओढाताण, शिव्याशाप सुरू होतात. आणखी चार फेरे द्यावेत, इतकेच.

गंजाची गोष्ट मात्र वेगळी. गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्सिजन आणि पाण्याशी झालेला संयोग; तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. बोल्टच्या आट्यांमध्ये किंवा तबकडी आणि रिमच्या फटीत तो तयार झाला की पाचर ठोकल्यासारखा घट्ट बसतो. पुण्यातला चार महिन्यांचा पाऊस, खड्ड्यांतले पाणी आणि मागच्या दोन्ही चाकांनी उडवलेला राडा हे सगळे थेट या यंत्रावर येते. अशा वेळी दांड्यावर उभे राहून जोर लावला तर आतले दाते तुटतात. गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. हे पातळ तेल बारीक फटीत स्वतःहून ओढले जाते, दिव्याच्या वातीत तेल चढते तसे. तेवढा वेळ मात्र त्याला द्यावा लागतो.

आता त्या पंक्चरवाल्याच्या ओरडण्याकडे येतो. गाडीसोबत मिळणारा जॅक हा गाडी उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. त्याचा तळ वितभरही नसतो, आणि तो उभ्या वजनाला जितका समर्थ तितकाच बाजूच्या धक्क्याला दुबळा. गाडीखालून चाकाला लाथ घालणे म्हणजे नेमका तो बाजूचा धक्का देणे. शेजारून जोरात ट्रक गेला तरी गाडी हलते, हे रस्त्यात उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने अनुभवलेले असते. छातीवर गाडी आली तर बरगड्या मोडण्याआधीच माणूस श्वास घेऊ शकत नाही आणि तिला उचलायला जॅक पुन्हा लावेपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून क्रम असा: गाडी जमिनीवर असतानाच आधी स्टेपनी काढायची, मग जॅक लावायचा. मागचेच चाक बसल्यामुळे खालून स्टेपनी निघत नसेल, तर माणसे आणि सामान उतरवून गाडी बोटभर हलकी होऊ द्यावी. त्यानेही भागले नाही तर जॅकने लागेल तेवढेच उचलावे आणि दांड्याने किंवा दोरीने चाक बाहेर ओढावे. डोके, खांदा, हात काहीही खाली घालू नये. चाक निघाले की ते आडवे करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवावे. जॅक निसटलाच तर गाडी त्यावर टेकते. ही पंक्चरवाल्यांची जुनी सवय आहे आणि ती अगदी शास्त्रशुद्ध आहे. पावसाळ्यात बाजूपट्टीची माती मऊ असते, तेव्हा जॅकखाली घालायला घरातला एखादा जुना लाकडी पाट डिकीत टाकून ठेवावा. आमच्या गाडीत आता आहे; आईने तीन वेळा विचारले, तो कुठे गेला म्हणून.

नट सैल करणे हे काम चाक जमिनीवर असतानाच करायचे, म्हणजे चाक गरगर फिरत नाही आणि जॅकही हलत नाही. बहुतेक प्रवासी गाड्यांचे नट साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर इतके आवळायचे असतात. पान्ह्याची लांबी २५ सेंटीमीटर धरली तर १०० न्यूटन-मीटरसाठी टोकावर सुमारे ४० किलोचा भार पडायला हवा. म्हणजे सडपातळ माणूसही पान्ह्यावर नीट वजन टाकून हे करू शकतो. पण गॅरेजमध्ये हवेच्या बंदुकीने नट दुप्पट आवळलेले असतील तर हाच भार ८० किलो होतो आणि पान्ह्यावर उड्या मारण्याची वेळ येते. पान्ह्याच्या दांड्यात हातभर पाइप अडकवला की लांबी दुप्पट, जोर निम्मा. तरफेचा हा नियम शाळेत पाठ केला होता, पण आमच्याकडे पाइप नव्हता. गॅरेजमध्ये ‘नट हातपान्ह्याने आवळा’ असे सांगायला लाजू नये. चाकणला तयार होणाऱ्या स्कोडा, फोक्सवॅगनमध्ये नटांऐवजी बोल्ट असतात. तिथे चाक टांगायला स्टडच नाहीत, त्यामुळे भोके जुळवताना जास्त कसरत होते.

ही कसरत कमरेला महागात पडते. हॅचबॅकचे चाक पंधरा-सोळा किलोचे, मोठ्या गाडीचे पंचवीस-तीसचे. अमेरिकेतील ‘नायोश’ या संस्थेने १९९१ मध्ये वजन उचलण्याबाबत जे सूत्र सुधारून मांडले, त्यात सर्वांत अनुकूल स्थितीतही मर्यादा २३ किलोची आहे. अनुकूल म्हणजे वजन अंगाला चिकटून, कमरेच्या उंचीच्या आसपास, अंग न पिळता. स्टेपनीच्या बाबतीत यातले एकही खरे नसते. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन या अस्थितज्ज्ञाने १९६० च्या दशकापासून माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत थेट सुई घालून दाब मोजला होता. पुढे वाकून हातात वजन घेतले की तो ताठ उभे असतानाच्या दुपटीच्या पुढे जातो, असे त्यातून दिसले. त्यात आपण तास-दीड तास एकाच जागी बसून आलेलो असतो, पाठीचे अस्थिबंध ताणलेले असतात. म्हणून उतरल्यावर दोन मिनिटे चालावे. चाक उचलू नये, गडगडत न्यावे. स्टडवर चढवताना गाडी फार उंच करू नये. चाकासमोर उकिडवे किंवा जमिनीवरच बसून, टायरखाली टॉमी घालून पायाने दाबावी. चाक इंचभर वर येते आणि भोके जुळतात. ज्यांना सायटिकाचा त्रास आहे, नुकतीच हर्नियाची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी फोन करून मदत मागवावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, अन्यत्र जीवाला धोका असेल तर ११२.

आणि कुठे थांबायचे? कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना ठाऊक आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने धडका दिल्यानंतर अनेक वाहनांचे नुकसान झाले होते. अशा उतारावर चाक बदलायला बसू नये. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. लाल त्रिकोण ५० मीटर मागे ठेवला तर मागच्याला दोन सेकंदही मिळत नाहीत. शक्य तितका मागे ठेवावा. उजव्या बाजूचे, म्हणजे वाहतुकीकडचे चाक गेले असेल तर बसल्या चाकावरही गाडी हळूहळू सुरक्षित जागेपर्यंत न्यावी. टायरची वाट लागते, लागू द्यावी. काम झाल्यावर चाकांमागे लावलेले दगड उचलून बाजूला टाकायला विसरू नये. रात्री ते कुणाच्या तरी दुचाकीखाली येतात.

पंक्चर झालेले चाक पुन्हा खाली टांगताना उतारचढाव बराच असतो. तबकडी भोकात सरळ बसली आहे ना हे पाहून, चाक आडवे ठेवून तार गुंडाळायची, मध्येच चाक तिरके अडकत नाही ना ते बघायचे. पूर्ण वर गेल्यावर टायरला हाताने जोरात हलवून पाहावे. जराही खुळखुळले तर रोजच्या गतिरोधकांवर तार झिजत जाते आणि एक दिवस चाक रस्त्यावर. काही गाड्यांत स्टेपनी लहान असते आणि मूळ रुंद चाक त्या जागेत मावत नाही. मग ते आतच ठेवावे लागते. तेव्हा ते पट्ट्याने बांधावे, कारण जोराचा ब्रेक लागला की मागचे पंचवीस किलो पुढच्या माणसाच्या मानेवर येतात. चाक आत ठेवले तरी मोकळी तार पूर्ण गुंडाळायची. लहान स्टेपनीवर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते. आणि बदललेल्या चाकाचे नट पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळावेत.

पुण्यात पोहोचल्यावर पुढच्या रविवारी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुरुस्त केलेले चाक मूळ जागी बसवले आणि स्टेपनी हातात घेऊन पाहिली. न वापरलेल्या टायरमधूनही हवा रबरातून झिरपत महिन्याला साधारण एक-दोन पीएसआय कमी होते. माझ्या स्टेपनीत १७ पीएसआय उरली होती, म्हणजे शिरवळपासून घरापर्यंत आम्ही कसे आलो याचा विचार न केलेलाच बरा. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ‘३४१७’ म्हणजे २०१७ चा चौतिसावा आठवडा. नक्षी नवीकोरी होती, पण कडेच्या रबराला बारीक भेगा पडलेल्या. ऑक्सिजन आणि ओझोन हे चाक फिरते की नाही हे बघत नाहीत. तो टायर बदलला. तारेला आणि गिरकीला ग्रीस लावले. काही गाड्यांत हवेचा वॉल खालच्या बाजूला ठेवूनच चाक टांगायचे असते, म्हणजे न उतरवता हवा तपासता येते. आमच्या गाडीच्या पुस्तकात तसेच लिहिलेले निघाले आणि कारखान्यातून आल्यापासून चाक तसेच होते. मीच कधी वाकून पाहिले नव्हते.

हे चालू असताना वरच्या मजल्यावरचे जोशीकाका खाली आले. त्यांचीही सात आसनी गाडी, पाच वर्षांची. त्यांनी उत्साहाने डिकी उघडली. स्टेपनी जागेवर होती. चोरी होऊ नये म्हणून तिला साखळी घालून कुलूपही लावलेले होते. किल्ली कुठे आहे, ते मात्र काकूंना विचारावे लागले, आणि काकू त्या दिवशी नाशिकला होत्या.