केळ कुढते तेव्हा गड्डा पाहा

परसातली केळ कुढायला लागली की बहुतेक घरांत आधी पाणी वाढवतात, मग खताची ओंजळ टाकतात. दोन्ही करण्याआधी थोडं थांबावं. केळीचं जे खोड आपल्याला दिसतं ते खरं खोड नव्हे. पानांच्या देठांचे तळ एकमेकांभोवती घट्ट गुंडाळून तो खांब तयार झालेला असतो. खरं खोड म्हणजे जमिनीखालचा गड्डा. मुळं, पानं, मुनवे म्हणजे बाजूची पिल्लं, सगळं तिथूनच फुटतं. गड्डा धड असेल तर वारा-पावसाने मोडलेली केळही पुन्हा उभी राहते. गड्डा सडला असेल तर वरून घातलेलं सगळं वाया जातं.

मात्र घड उतरवलेली केळ सुकत असेल तर तो रोग नव्हे. प्रत्येक केळ एकदाच निसवते आणि मग संपते. तिथे लक्ष द्यायचं ते शेजारच्या मुनव्याकडे. खालचं एखादं पान पिवळं पडून लोंबणं हेही वयाचंच लक्षण.

काळजी करायची ती पोंग्याची. पोंगा म्हणजे मधोमध उभं असलेलं, अजून न उलगडलेलं पान. उन्हाळी-पावसाळी दिवसांत चांगली केळ साधारण सात ते दहा दिवसांत एक पान टाकते. तीन आठवडे पोंगा जागचा हलला नाही तर तो चिमटीत धरून हलकेच ओढून पाहा. सहज निसटून हातात आला आणि त्याच्या टोकाला कुजका वास असेल तर सड आत पोचली आहे. नंतर बुंध्याजवळची माती हाताने बाजूला करून गड्ड्याचा छोटा काप घ्या. आतला गर पांढरट आणि टणक असेल तर आशा आहे. तपकिरी, पिचपिचीत असेल तर सड धरली आहे. काळपट बोगदे दिसले तर गड्डा पोखरणाऱ्या सोंडकिड्याचं काम आहे. पोखरलेला किंवा पुरता सडलेला गड्डा मातीसकट काढावा, आणि त्या जागी वर्षभर तरी केळ लावू नये.

गड्डा चांगला असेल तर दोष बहुधा पाण्यात असतो. केळीची बहुतेक मुळं वरच्या फूटभर मातीतच पसरतात. त्यांना ओल हवी, पण साचलेलं पाणी चालत नाही. आपल्याकडे मोरीच्या पाण्यावर केळ लावायची जुनी रीत आहे. राखेने भांडी घासत तोवर ती उत्तम होती, कारण राखेतला पालाश केळीला हवाच असतो. आता त्या पाण्यात कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण येतो. त्यातले क्षार साचून माती घट्ट होते आणि पानांच्या कडा करपतात. अशा केळीचं सांडपाणी आधी बाजूला वळवा, नंतर दोन-चार वेळा साधं पाणी भरपूर देऊन माती धुऊन काढा. आळ्यात पाणी तुंबत असेल तर बुंध्याशी मातीची भर द्या आणि कडेने चर काढा.

खांब वरून मोडला किंवा पानं पार गेली असतील, पण केळ निसवायला अजून अवकाश असेल, तर धारदार कोयत्याने खांब गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवा छाटा. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहा. कापाच्या मधोमध कोवळ्या पानाची पांढुरकी सुरळी वर सरकलेली असते आणि भोवतालची वेष्टणं जागच्या जागी राहिलेली असतात. वाढीचं टोक अजून खाली गड्ड्यावरच असल्यामुळे हे घडतं. कमळ, म्हणजे केळफूल, खांबातून वर चढायला लागल्यावर मात्र छाटू नये. मग घडही जातो आणि नवं पानही येत नाही.

खत द्यायचं ते दोन नवी पानं उलगडल्यावर. दोन घमेली कुजलेलं शेणखत, आणि महिन्याला तीस-चाळीस ग्रॅम युरिया व तेवढंच पोटॅश, बुंध्यापासून फूटभर लांब गोल पसरून मातीत मिसळावं. जुन्या पानांच्या कडा नारिंगी-पिवळ्या होत असतील तर पोटॅशला चुकू नये. थंडीत, विशेषतः खानदेशात रात्रीचं तापमान दहा-बारा अंशांखाली जातं तेव्हा, केळ वाढ थांबवते. त्या दिवसांत खत न देता बुंध्याशी पाचोळ्याचं आच्छादन करावं आणि ऊन तापण्याची वाट पाहावी.

दुबळ्या केळीभोवती मुनव्यांची गर्दी नको. अरुंद, तलवारीसारख्या पानांचा एकच जोमदार मुनवा ठेवून बाकीचे जमिनीलगत कापावेत. रुंद पानांचे लेचेपेचे मुनवे गड्ड्याशी नीट जोडलेले नसतात, ते ठेवू नयेत. आणि गणपतीत नैवेद्यासाठी पान हवं असेल तर ते दुसऱ्या केळीचं काढा. आजारी केळीला प्रत्येक हिरवं पान लागतं.

उपाय नसलेलं एक दुखणं म्हणजे पर्णगुच्छ. नवी पानं आखूड, अरुंद आणि ताठ होऊन शेंड्याशी गुच्छात अडकतात, देठावर गडद हिरव्या तुटक रेघा दिसतात. या रोगाचा विषाणू मावा पसरवतो आणि मुनव्यांतही उतरतो. म्हणून आधी माव्यावर फवारणी करा, मग केळ गड्ड्यासकट, सगळ्या मुनव्यांसकट उपटून नष्ट करा, आणि त्या बेटातला मुनवा कुणालाही देऊ नका.