दर्या, दऱ्या आणि फेरफाराची वही

डहाणूच्या पश्चिमेस दर्या आहे आणि पूर्वेस दऱ्या आहेत. हे वाक्य फळ्यावर लिहिताना खडूला अडचण येत नाही. संगणकाला मात्र येऊ शकते. दोन्ही शब्दांत र आणि य हीच व्यंजने आहेत. पहिल्यात र रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो, दुसऱ्यात तो विळ्यासारखा वळून य ला बिलगतो. फाँट घडवणाऱ्याने हा भेद राखला नाही, तर आमच्या दऱ्या कागदावर समुद्रात बुडतात. ल आणि श यांचेही तसेच. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही वळणे सांगितली आहेत. परंतु अनेक देवनागरी फाँटमध्ये आधी हिंदीची वळणे उमटतात.

मुक्त प्रणालींच्या जगात ही अक्षरे आपल्यापर्यंत पॅकेजच्या रूपाने येतात. डेबियन किंवा फेडोरा ही एकेक वितरणे आहेत, म्हणजे हजारो स्वतंत्र कार्यक्रम गोळा करून, एकमेकांशी जुळवून, विनामूल्य पुरवणाऱ्या व्यवस्था. डेबियन १९९३ पासून चालू आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले आणि रेड हॅटने २००४ मध्ये खुल्या परवान्याने प्रसिद्ध केलेले 'लोहित' हे फाँटकुल या वितरणांत आहे. त्यात पुढे मराठीही आली. देवनागरी एकच असली तरी अक्षरवळणे भिन्न असल्यामुळे मराठी आणि नेपाळी यांची पॅकेजे आजही वेगळी ठेवलेली आहेत. तलासरीची हद्द ओलांडताच दुकानांच्या पाट्या गुजराती होतात. त्या लिपीचे पॅकेजही निराळे आहे.

एखाद्या पॅकेजमध्ये कोणी, केव्हा आणि कशासाठी बदल केला, हे कळण्याची सोय म्हणजे आवृत्ती-नियंत्रण. आपल्या तालुक्यांतील माणसाला ते समजावून सांगण्यास सातबाराइतके योग्य उदाहरण नाही. सातबारा उतारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कशी आली, हे गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही सांगते. प्रत्येक फेरफाराला क्रमांक, तारीख आणि कारण असते. तलाठी नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतींना मुदत मिळते, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. सावकाराच्या वहीत अंगठा उठवून जमीन गमावलेल्यांच्या या मुलखात, नोंद कोणाच्या हातात आहे आणि ती आपल्याला वाचता येते काय, हे प्रश्न किती मोलाचे आहेत, हे सांगावयास नको.

संगणकात बसवलेले पॅकेज हा झाला सातबारा. त्यामागची फेरफार वही आज बहुधा 'गिट' या प्रणालीत असते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती एप्रिल २००५ मध्ये लिहिली. फेडोराने आपली सर्व पॅकेजे जुन्या सीव्हीएस प्रणालीतून २०१० मध्ये गिटवर आणली. गिटमधील प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून काढलेला एक ठसा असतो आणि त्या हिशेबात आधीच्या नोंदीचा ठसाही धरलेला असतो. त्यामुळे मागील तारखेची एक ओळ कोणी गुपचूप बदलली, तर तिच्यापुढचे सगळे ठसे बदलतात आणि चोरी उघडी पडते. शिवाय वहीची संपूर्ण प्रत कोणालाही उतरवून घेता येते. तहसील कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत!

फेडोराच्या वहीत मूळ कर्त्याचे काम सहसा ठेवत नाहीत. ते बाहेर एका गठ्ठ्यात राहते आणि वहीत त्या गठ्ठ्याचा फक्त ठसा असतो. वहीत असतात त्या पॅकेज बांधण्याच्या सूचना आणि वितरणाने मूळ कामावर लावलेली ठिगळे. मूळ कोणते आणि ठिगळ कोणते, हे त्यामुळे कधीच मिसळत नाही; हस्तलिखितांतील प्रक्षेप शोधण्यात आयुष्य घालवलेल्या इतिहासकाराला याचा हेवाच वाटावा. वितरणाच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वहीला स्वतंत्र शाखा असते. नव्या शाखेत केलेली दुरुस्ती तपासून मग जुन्या शाखेत नेता येते. आणि मध्येच केव्हातरी दऱ्या बुडू लागल्या, तर हजार नोंदींतून दोषी नोंद शोधण्यास सुमारे दहा चाचण्या पुरतात, कारण दर वेळी उरलेल्यांतील निम्म्या नोंदी निर्दोष ठरून बाजूला पडतात.

नाकारलेल्या सूचनाही चर्चेसह वाचावयास मिळतात, हे मला विशेष वाटते. संविधानाच्या मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले. फेटाळलेल्या दुरुस्त्यांवरील वादविवादही छापलेले असल्यामुळेच एखादे कलम तसे का आहे, हे आज आपल्याला कळते.

वही असूनही फसवणूक होऊ शकते. एक्सझेड हा माहिती आवळून साठवणारा कार्यक्रम बहुतेक वितरणांत असतो. दीर्घकाळ मदत करून विश्वास मिळवलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार ठेवले. ते उघडणारी सूचना प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होती, गिटच्या वहीत नव्हती. म्हणजे सातबाऱ्यावर नाव, पण त्याचा फेरफारच नाही. अनेक वितरणे सवयीने गठ्ठाच उचलत असत. दूरस्थ प्रवेशाला अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा शोध घेताना आन्द्रेस फ्रॉइंड यांना हे सापडले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केले. डेबियनने तातडीने जुने काम परत आणले. पण पॅकेजचा क्रमांक मागे नेता येत नसल्याने नव्या पॅकेजचे नाव ठेवले '५.६.१+रिअली५.४.५', म्हणजे वरून ५.६.१, पण खरोखर ५.४.५. माघारही अशी नोंदवून घेतली गेली.

आपल्या वसतिगृहातील एखाद्या मुलीला मराठीचे अक्षर चुकीचे उमटताना दिसले, तर तिने पॅकेजच्या वहीची प्रत उतरवावी, दुरुस्ती करावी आणि ती स्वीकारण्याची विनंती पाठवावी. त्यासाठी कोणाच्या शिफारसपत्राची गरज नाही. लागतात त्या दोन गोष्टी : दोष दाखवणारा शब्द आणि बदलाचे कारण सांगणारी एक स्वच्छ ओळ. शब्द म्हणून 'दऱ्या' चालेल.