ठोक्याच्या वेळेत ढवळाढवळ

छातीत धडधडतं म्हणून डॉक्टर गोळी लिहून देतात आणि घरात तिचं नाव पडतं ‘ठोक्याची गोळी’. ती हृदयाला शांत करते, असा समज. प्रत्यक्षात ती हृदयातल्या विजेची वेळ बदलते, आणि हे काम जोखमीचं आहे.

वीज येते कुठून

हृदयात ना तार, ना बॅटरी. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचे विद्युतभारित कण पेशीच्या आवरणातल्या सूक्ष्म दारांतून ये-जा करतात, तीच ही वीज. निवांत असलेल्या स्नायुपेशीच्या आत साधारण उणे 90 मिलिव्होल्ट दाब असतो. सोडियमचं दार उघडलं की कण आत घुसतात आणि एक-दोन मिलिसेकंदांत दाब शून्याच्या वर जातो. मागोमाग कॅल्शियम आत येतं, स्नायू आकसतो. शेवटी पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पूर्वपदावर येते. या सगळ्याला 200 ते 300 मिलिसेकंद लागतात. त्यातला बराचसा वेळ पेशी बहिरी असते. नवा इशारा आला तरी दाद देत नाही. हा बहिरेपणा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

न थांबणारी प्रदक्षिणा

हार्ट अटॅकनंतर स्नायूत व्रण राहतो. कधी विजेची लहर त्याला वळसा घालते आणि परत येईपर्यंत आधीच्या पेशी पुन्हा ऐकू लागलेल्या असतात. लहर पुन्हा निघते, पुन्हा फिरते. नाडी मिनिटाला दीडशेच्याही वर जाते. हा फेरा मोडायचा तर लहर इतकी मंद करायची की ती वाटेतच विझावी, नाहीतर पेशींचा बहिरेपणा लांबवायचा.

गट चार, अपवाद बरेच

ऑक्सफर्डच्या व्हॉन विल्यम्स यांनी 1970 मध्ये या औषधांची वर्गवारी मांडली. ती आजही शिकवतात. पहिल्या गटातली फ्लेकेनाइड, लिग्नोकेन ही औषधं सोडियमचं दार अडवतात, म्हणून लहर मंदावते. दुसऱ्यातले मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर अ‍ॅड्रिनलिनचा तगादा कमी करतात. तिसऱ्यातलं सोटॅलॉल पोटॅशियमला उशीर लावतं, म्हणून बहिरेपणा लांबतो. चौथ्यातलं व्हेरापामिल कॅल्शियम अडवतं. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या नाक्यावर त्याचा जोर विशेष.

अमिओडॅरोन मात्र तिसऱ्या गटात नाव लावून चारही गटांची कामं करतं. त्याच्या वजनात सुमारे 37 टक्के आयोडीन असतं, त्यामुळे ते घेणाऱ्यांची थायरॉइडची तपासणी चुकत नाही. गोळी बंद केल्यावरही ते शरीरात कित्येक आठवडे, महिने रेंगाळतं. उलट शिरेतून झटकन दिलेलं अ‍ॅडेनोसिन काही सेकंदांत संपतं. तेवढ्यात ते मधला नाका बंद करतं, मॉनिटरवरची रेघ क्षणभर सपाट होते आणि पेशंटला आपण गेलोच असं वाटतं.

औषध उलटतं तेव्हा

अटॅकनंतरचे जादा ठोके दाबले तर माणसं वाचतील, हा तर्क बिनतोड वाटत होता. अमेरिकेतल्या ‘कास्ट’ चाचणीत तो पडताळला. एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 दगावले; खोटी गोळी घेणाऱ्या 743 पैकी 26. चाचणीचा हा भाग 1989 मध्ये थांबवावा लागला. जादा ठोके कमी झाले होते, हे विशेष. ईसीजी सुधारला आणि माणूस गेला! मंद झालेली लहर नेहमीच विझत नाही. व्रणाभोवती तिला फिरायला सवड मिळू शकते.

पोटॅशियम अडवणाऱ्या औषधांचा धोका वेगळा. पेशी पूर्वपदावर यायला फार वेळ लागला, तर मध्येच नवा ठोका पेटतो आणि ईसीजीवर पिळलेल्या दोरीसारखी नक्षी उमटते. म्हणून सोटॅलॉल सुरू करताना ईसीजी पुन्हा पुन्हा काढतात. जुलाब-उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घटलं की हा धोका वाढतो. अशा वेळी ‘पोटच बिघडलंय, त्यात काय’ म्हणून गप्प बसू नये, डॉक्टरांना फोन करावा.

सर्पगंधेचं सत्त्व

सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी 1931 मध्ये दिल्लीत सर्पगंधेच्या मुळांतून एक द्रव्य वेगळं केलं आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला ‘अजमलीन’ म्हटलं. तेही सोडियमचं दार अडवतं. एकेकाळी ते ठोका सुधारायला देत. आता त्याचा मुख्य उपयोग लपलेला दोष उघड करायला होतो. ब्रुगाडा नावाच्या आनुवंशिक विकारात ईसीजी कित्येकदा साफ दिसतो. संशय असेल तर शॉकचं यंत्र हाताशी ठेवून अजमलीन शिरेतून सोडतात आणि काही मिनिटांत आजाराची खूण पट्टीवर उमटते का, ते पाहतात.