पन्नाशीतले म्हातारपण

दादरच्या फूलबाजाराजवळ, पुलाखाली एक गृहस्थ झोपतात. (घर नसलेल्याला 'गृहस्थ' म्हणताना जीभ अडखळते, पण दुसरा शब्द सुचत नाही.) सकाळी फिरायला जाताना मी त्यांना 'काय बाबा' म्हणून हाक मारत असे. एकदा त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. ''साहेब, झाकण फिरत नाही.''

उघडून देता देता वय विचारले. ''आणीबाणी लागली ना, त्या साली जन्मलो.''

म्हणजे १९७५! तेव्हा मी नववीत होतो. माझा 'बाबा' माझ्याहून चौदा वर्षांनी धाकटा निघाला.

झाकण न फिरणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वृद्धांच्या दुर्बलतेच्या पाच खुणा मांडल्या : नकळत घटणारे वजन, सततचा थकवा, मंदावलेली चाल, कमी झालेली हालचाल आणि हाताच्या पकडीतला ओसरलेला जोर. यांपैकी तीन दिसल्या की शरीर खचले समजायचे. अमेरिकेत बेघरांची तपासणी झाली तेव्हा पन्नाशीतल्या माणसांत सत्तरीची दुखणी आढळली.

कशी आढळणार नाहीत? रात्री पाऊस, डास, पोलिसाची काठी; पहाटे फुलांचे टेम्पो. सलग झोप नाहीच. दाढा गेल्यामुळे भाकरी चावत नाही, म्हणून चहात बुडवलेल्या पावावर दिवस. शौचालयाला पैसे पडतात, म्हणून पाणीच कमी प्यायचे! हे ऐकून मी गप्प झालो. त्यात विडी, अंगावर काढलेला खोकला आणि हमालीत मोडून वेडावाकडा जुळलेला पाय.

आणि पैसा? तो कमरेला बांधलेला, दोनदा झोपेत कापून नेला. तेव्हा आठवडाभर उपास. मी बँकेत असताना अशाच एका हमालाचे खाते, पत्त्याचा पुरावा नाही म्हणून, नाकारले होते. नियम तसा होता. त्याचे पैसे रात्री कुठे असतील, हे मात्र मी विचारले नव्हते.

श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन पासष्टीनंतर मिळते. बाबांना सांगितले, तर ते हसले. ''म्हणजे अजून पंधरा वर्षं की हो, साहेब.''

'बाबा' म्हणायची सवय अजून सुटलेली नाही. हल्ली जाताना बाटलीचे झाकण सैल करून ठेवतो.