पहिला सिनेमा 'पुंडलिक' की 'राजा हरिश्चंद्र'? जुन्या सिनेमाच्या चाहत्यांचं हे भांडण मिटत का नाही?

३ मे आला की एक गोष्ट ठरलेली असते. कुणीतरी दादासाहेब फाळके यांचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, "१९१३ साली आजच्याच दिवशी भारताचा पहिला चित्रपट प्रदर्शित झाला." पाच मिनिटांत पहिली कमेंट पडते, "चूक. पहिला 'पुंडलिक'. तोरणेंचा."

तिथून पुढे दिवसभर धुमश्चक्री. एक गट म्हणतो, तोरणेंवर अन्याय झाला. दुसरा म्हणतो, नाटकाच्या शूटिंगला सिनेमा म्हणायचं का? त्यात फाळके त्र्यंबकेश्वरचे आणि तोरणे मालवणचे. त्यामुळे ग्रुप नाशिककडचा की कोकणातला, यावर कुणाचं पारडं जड हेही ठरतं.

पण मजा अशी आहे की या भांडणात दोन्ही बाजूंकडे खरी माहिती असते. मग वाद मिटत का नाही?

आधी दोन्ही बाजू बघू.

रामचंद्र गोपाळ उर्फ दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या जवळपास वर्षभर आधी. तेव्हा तोरणेंचं वय होतं २२. मुंबईत नोकरी करणाऱ्या या पोराला नाटकाचं वेड होतं. श्रीपाद संगीत मंडळीच्या नाटकावरून त्याने हा चित्रपट केला. नानासाहेब चित्रे आणि टिपणीस त्याच्यासोबत होते. चित्रपट साधारण २२ मिनिटांचा होता. त्याच्या जाहिराती तेव्हाच्या वर्तमानपत्रात छापून आल्या होत्या, त्यामुळे तो लागला होता याबद्दल शंका नाही.

फाळकेंचा 'राजा हरिश्चंद्र' आधी २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मे रोजी लोकांसाठी लागला. कुठे? त्याच गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये. लांबी ३,७०० फूट, चार रीळं. त्यासाठी फाळके लंडनला जाऊन तंत्र शिकून आले, कॅमेरा घेऊन आले. चित्रीकरण, धुलाई, संकलन सगळं इथेच झालं. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवलं.

आता फाळके गटाचे आक्षेप तीन. 'पुंडलिक' हे नाटकाचं चित्रीकरण होतं. कॅमेरा चालवणारा जॉन्सन ब्रिटिश होता. आणि फिल्म धुवायला लंडनला पाठवली होती.

तोरणे गटाची उत्तरंही तयार असतात. नाटकावरून केलेला सिनेमा हा सिनेमाच असतो. परदेशी कॅमेरामन आणि परदेशी लॅब तर पुढेही कित्येक भारतीय चित्रपटांनी वापरली, मग त्यांना भारतीय म्हणायचं नाही का? शिवाय त्यांचं म्हणणं असं की, एका जागी कॅमेरा ठेवून केलेलं पहिलं चित्रण तोरणेंना आवडलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते तुकड्यातुकड्यांत पुन्हा करून जोडलं. म्हणजे नुसतं नाटक टिपलं नाही, सिनेमाचा विचार केला.

तिसरा गडी कोण?

हे दोघं भांडत असताना कुणीतरी सावेदादांचं नाव काढतो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे त्यांचं खरं नाव. १८९६ साली मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चित्रपट दाखवले गेले, ते पाहून हा फोटोग्राफर झपाटला. त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली. गंमत म्हणजे त्यातल्या एका पैलवानाचं नाव पुंडलिकच होतं.

पुढे डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचं स्वागतही सावेदादांनी टिपलं. ही भारतातली पहिली बातमीपट म्हणावी अशी फिल्म मानली जाते. आणि इथे रत्नागिरीकर कॉलर ताठ करतात, कारण परांजपे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलचा माणूस गोपाळगडाजवळ उभा राहिला की समोर खाडीपलीकडे दाभोळ दिसतं, तिथून दापोली तालुका सुरू होतो. त्यामुळे अंजनवेलच्या एखाद्या फॅमिली ग्रुपवर "पहिल्या बातमीपटाचा हिरो आपल्या खाडीपलीकडचा" असा मेसेज आला, तर तो अगदीच फेकलेला नसतो.

म्हणजे बघा. पहिलं भारतीय चित्रण सावेदादांचं. पहिला कथा सांगणारा चित्रपट म्हटलं तर तोरणेंचा दावा. पूर्ण लांबीचा, इथेच बनलेला पहिला कथापट म्हटलं तर फाळकेंचा. तिघंही पहिले आहेत, फक्त वेगवेगळ्या गोष्टींत. वाद तारखांचा नाहीच, 'पहिला' या शब्दाआधी काय लिहायचं याचा आहे.

बाकीची भांडणंही याच जातीची

पहिला रंगीत चित्रपट घ्या. प्रभातचे चाहते म्हणतात १९३३ चा 'सैरंध्री'. दुसरे म्हणतात १९३७ चा 'किसान कन्या'. 'सैरंध्री'च्या रंगीत प्रती जर्मनीत काढल्या गेल्या, पण रंग काही जमले नाहीत. अर्देशीर इराणी यांचा 'किसान कन्या' इथेच प्रक्रिया करून तयार झाला. प्रयत्न पहिला कुणाचा आणि जमलं पहिलं कुणाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

'श्यामची आई'चंही तसंच. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे, त्यामुळे हा चित्रपट रत्नागिरीकरांना घरचा. आचार्य अत्रे यांच्या या १९५३ च्या चित्रपटाला पहिलं सुवर्णकमळ मिळालं असं सर्रास लिहिलं जातं. लगेच कुणीतरी दुरुस्ती करतं की तेव्हा सुवर्णकमळ नव्हतंच, ते राष्ट्रपतींचं सुवर्णपदक होतं. बरोबर आहे. पण सन्मान तोच, देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा. मग तिसरा येतो आणि विचारतो, त्याच वर्षी 'दो बिघा जमीन' होता, त्याला का नाही? त्याला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं होतं. इथे माहिती संपते आणि आवडनिवड सुरू होते. तिथे कुणीच हरत नाही.

मग सिनेमा बघून निकाल का लावत नाही?

कारण बघायला सिनेमाच उरलेला नाही.

'पुंडलिक'ची एकही प्रत आज नाही. त्यामुळे ते नुसतं नाटकाचं चित्रण होतं की तोरणेंनी त्यात काही वेगळं केलं होतं, हे पडद्यावर तपासताच येत नाही. भारतात मूकपटांच्या काळात सुमारे १,३०० चित्रपट बनले असं मानलं जातं, त्यातले ३० सुद्धा धड शिल्लक नाहीत. पहिला बोलपट 'आलम आरा'सुद्धा गेला.

'राजा हरिश्चंद्र'बद्दल तर आणखी एक भानगड आहे. त्याची पहिली आणि शेवटची रीळ पुण्याच्या संग्रहालयात आहेत आणि त्याच क्लिप दर ३ मेला फिरतात. पण काही अभ्यासकांच्या मते ही रीळं १९१३ ची नाहीतच. फाळकेंनी १९१७ मध्ये हीच कथा पुन्हा चित्रित केली होती, त्या चित्रपटाची ती आहेत. म्हणजे ज्या पुराव्यावर फाळके गट भांडतो, त्यावरही प्रश्नचिन्ह आहेच.

जुनी फिल्म नायट्रेटची असायची. ती चटकन पेट घेते, दमट हवेत कुजते. त्यातून मिळणारी चांदी काढण्यासाठी कित्येक रीळं विकून टाकली गेली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली सुरू झालं, तोवर बरंच काही हातचं गेलं होतं. जे जमवलं त्यातलाही मोठा नायट्रेटचा साठा जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत जळाला.

याची किंमत तोरणेंना सर्वात जास्त मोजावी लागली. या माणसाने पुढे पुण्यात सरस्वती सिनेटोन काढली, १९३२ चा त्यांचा 'श्यामसुंदर' मुंबईत २५ आठवड्यांहून जास्त चालला. तरी शाळेच्या पुस्तकापासून क्विझपर्यंत एकच नाव येतं. फाळकेंनी चित्रपटांचा धंदा उभा केला, एकामागून एक चित्रपट काढले, त्यामुळे त्यांचं मोठेपण कुणी नाकारत नाही. पण एकाला मोठं म्हणण्यासाठी दुसऱ्याला पुसायची गरज नसते.

तर पुढच्या ३ मेला काय करायचं?

भांडायचं, जरूर भांडायचं. तोरणेंचं नाव आज लोकांना माहीत आहे ते बऱ्याच अंशी अशा भांडणाऱ्यांमुळेच. फक्त कमेंट टाकण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. पहिला म्हणजे कशात पहिला? हे कळलं कशावरून, जाहिरातीवरून, फिल्मवरून की फॉरवर्डवरून? आणि आपण माहितीवर भांडतोय की आवडीवर?

आणि एक काम घरातलं. गिरगाव-परळला नोकरी केलेल्या आजोबांची ट्रंक गावच्या माळ्यावर असेलच. त्यात सिनेमाच्या गाण्यांची चोपडी, एखादी जाहिरात, तिकिटाचा तुकडा, स्टुडिओतला फोटो सापडू शकतो. कोकणातली हवा आणि वाळवी त्याला फार दिवस ठेवणार नाही. रद्दीत घालण्याआधी त्याचा स्वच्छ फोटो काढा, मागे तारीख किंवा नाव असेल तर तेही टिपा. पुण्याचं संग्रहालय असे कागद, पोस्टर आणि पुस्तिकाही जपतं. 'पुंडलिक'ची बाजू आज उभी आहे ती वर्तमानपत्राच्या एका जुन्या जाहिरातीच्या जोरावर. उद्याचा एखादा वाद कदाचित त्या ट्रंकेतल्या कागदावर सुटेल.