पटकीचे विष आणि मीठ-साखरेचे पाणी

धडधाकट मनुष्य सकाळी कामावर जातो, दुपारी त्याला जुलाब व वांत्या सुरू होतात आणि दुसरा दिवस उजाडण्यापूर्वी त्याचे प्राण जातात. असा अनुभव ज्या रोगाने भारताला पिढ्यान्‌पिढ्या दिला, तो रोग म्हणजे पटकी अथवा कॉलरा. बंगालमध्ये ओलाबीबीची आणि महाराष्ट्रात मरीआईची आराधना होत असे, ती अशाच साथींच्या धास्तीने. तथापि आज निश्चयपूर्वक असे सांगता येते, की योग्य उपचार वेळेवर मिळाल्यास पटकीच्या शंभर रोग्यांपैकी नव्व्याण्णवांहून अधिक रोगी वाचू शकतात. आणि त्यांपैकी बहुतेकांना लागणारा मुख्य उपचार म्हणजे पाणी, मीठ व साखर यांचे द्रावण होय.

इतका साधा उपाय हाती येण्यास इतका काळ का लागला? मीठ आणि साखर काही नव्याने शोधून काढावयाची नव्हती. शोधावयाचे होते ते निराळेच : हा रोग शरीरात नेमका कोठे व कसा घडतो, आणि त्याच्या तडाख्यातून शरीराचे कोणते कार्य शाबूत राहते. या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत उपाय समोर असूनही दिसत नव्हता.

रक्तातील पाणी कोठे जाते?

१८३१ साली पटकीची साथ इंग्लंडमध्ये पोहोचली, तेव्हा विल्यम ब्रूक ओशॉनेसी या तरुण आयरिश वैद्याने रोग्यांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले. रक्तातील पाणी व क्षार बऱ्याच अंशी नाहीसे झालेले त्याला आढळले आणि तेच क्षार रोग्याच्या जुलाबात सापडले. जे शरीरातून गेले ते शरीराला परत द्यावे, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढच्याच वर्षी, १८३२ साली, स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लॅट्टा या वैद्याने क्षारयुक्त पाणी रोग्यांच्या शिरेत सोडून पाहिले. मरणोन्मुख रोगी काही वेळापुरते उठून बसू लागले. परंतु जुलाब चालूच राहत, पाणी पुन्हा पुन्हा द्यावे लागे आणि ते निर्जंतुक करण्याचे ज्ञान त्या काळी नव्हते. त्यामुळे ही पद्धत मागे पडली. रोग्याचे रक्त काढणे व त्याला रेचक देणे हे प्रचलित उपचार, म्हणजे नेमके जे करावयास नको तेच, पुढेही चालू राहिले.

ओशॉनेसी स्वतः पुढे कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक झाला. शिरेवाटे क्षारजल देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यातच लिओनर्ड रॉजर्स यांनी सुधारून पुन्हा रूढ केली आणि तिच्यामुळे मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले. मात्र ती पद्धत रुग्णालयाची होती. तीस सुई, नळी, निर्जंतुक द्रावण आणि प्रशिक्षित हात लागत. साथ पसरे ती मात्र खेड्यांत आणि यात्रांत. तेथे यांतील काहीच नसे.

जंतू सापडला, रोग उमगला नाही

पटकीचा जंतू इटलीतील फिलिप्पो पाचिनी याने १८५४ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. पण त्याच्या निरीक्षणाकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात रोग्यांच्या आतड्यांतून स्वल्पविरामासारखा वाकडा असा हा जंतू वेगळा केला आणि तोच रोगाचे कारण असल्याचे प्रतिपादन केले. जंतू एखादे विष निर्माण करीत असावा, असा तर्कही कॉख यांनी बोलून दाखविला. परंतु त्यांना प्राण्यांमध्ये पटकी उत्पन्न करता आली नाही, आणि तो तर्क सिद्ध होण्यास पाऊणशे वर्षे लागली.

या विलंबाचे एक मोठे कारण म्हणजे शोधाची जागाच चुकली होती. विष म्हटले की ते रक्तात भिनून सर्व शरीरावर परिणाम करीत असणार, असे गृहीत धरून संशोधक जंतूंचा अर्क प्राण्यांच्या रक्तात किंवा उदरपोकळीत टोचीत. प्राणी आजारी पडत, मरतही. पण त्यांना पटकी होत नसे. दुसरा एक समज असा, की या रोगात आतड्याचे अस्तरच सोलून निघते. शवविच्छेदनात अस्तर सुटलेले दिसे. मृत्यूनंतर आतडे झपाट्याने कुजू लागते व अस्तर त्यामुळेही सुटते, हे ध्यानात घेतले गेले नाही. अस्तरच नष्ट झाले असेल, तर तोंडावाटे दिलेले पाणी शोषले जाणार कसे? या समजुतीमुळे रोग्याच्या पोटाला विश्रांती द्यावी, हेच शास्त्रसंमत ठरले.

कलकत्ता आणि मुंबई येथील प्रयोग

ही कोंडी फोडण्याचे श्रेय डॉ. शंभुनाथ दे यांच्याकडे जाते. हुगळी जिल्ह्यातील एका खेड्यात १९१५ साली जन्मलेले दे कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्राचे अध्यापन करीत. त्यांचा विचार सरळ होता. पटकीचा जंतू आतड्याच्या पोकळीत राहतो आणि पाणी तेथूनच वाहून जाते. तर मग परीक्षाही तेथेच करावयास हवी.

सशाला भूल देऊन त्यांनी त्याच्या लहान आतड्याचा थोडासा भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला आणि त्या बंदिस्त भागात पटकीचे जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो भाग पाण्याने टम्म फुगलेला आढळला. जंतू न सोडलेले भाग होते तसेच राहिले. हा प्रयोग दे यांनी आपल्या एका सहकाऱ्यासह १९५३ साली प्रसिद्ध केला. १९५९ साली त्यांनी पुढचे पाऊल टाकले. जंतू ज्या द्रवात वाढविले होते तो द्रव त्यांनी असा गाळून घेतला, की त्यात एकही जंतू उरू नये; आणि केवळ तो गाळीव द्रव आतड्यात सोडला. आतडे पूर्वीसारखेच फुगले. याचा अर्थ स्पष्ट होता. जंतू आपल्या शरीराबाहेर एक विष सोडतो आणि ते विष आतड्याच्या आतूनच आपले कार्य करते. हा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्याच सुमारास मुंबईच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्त व त्यांचे सहकारी निराळ्या मार्गाने त्याच दिशेने चालले होते. सशांच्या लहान पिल्लांना जंतू देऊन पटकीसारखे जुलाब उत्पन्न करता येतात, हे त्यांनी दाखविले होते. जिवंत जंतूंऐवजी त्यांचा अर्क दिल्यासही तसेच घडते, हे त्यांनी १९५९ सालीच प्रसिद्ध केले. पुढे १९६९ साली अमेरिकेत हे विष शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. दरम्यान जिवंत रोग्यांच्या आतड्यांतील सूक्ष्म तुकडे काढून तपासले असता अस्तर अखंड असल्याचे १९६० साली निदर्शनास आले होते. आतडे तुटलेले नव्हते. त्याला कोणीतरी भलतीच आज्ञा देत होते.

विष काय करते?

ही आज्ञा कशी दिली जाते, हे आता तपशीलवार ठाऊक झाले आहे. पटकीच्या विषाचा रेणू सहा घटकांचा असतो. त्यांपैकी एकसारखे पाच घटक वर्तुळाकार जुळलेले असतात आणि आतड्याच्या पेशीच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट पदार्थाला ते चिकटतात. उरलेल्या सहाव्या घटकाचा कार्यकारी भाग पेशीच्या आत शिरतो. पेशीत एक नियामक प्रथिन असते. ते गरजेपुरते कार्यरत होते आणि आपोआप थांबते. विषामुळे या प्रथिनाला एक रासायनिक गट जोडला जातो आणि त्याची थांबण्याची शक्तीच नाहीशी होते. दाराची खिट्टी उघड्या स्थितीत अडकून बसावी, तसा हा प्रकार होय. परिणामी पेशीत सायक्लिक एएमपी हा पदार्थ सतत निर्माण होतो. त्याच्या प्रभावाने क्लोराईड आतड्याच्या पोकळीत उतरू लागते, त्यामागोमाग सोडियम जाते आणि सोडियमबरोबर पाणी. तीव्र रोगात तासाला एक लिटरपर्यंत पाणी अशा रीतीने वाहून जाऊ शकते. भाताच्या पेजेसारखे दिसणारे पटकीचे जुलाब ते हेच.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. आतड्याच्या अस्तरातील पेशी अल्पायुषी असतात. काही दिवसांतच जुन्या झडून नव्या येतात. त्यामुळे रोग्याला तेवढा काळ तगवून धरले, तर रोग स्वतःहून ओसरतो. दुसरी गोष्ट अशी, की विष बाहेर जाण्याचे दार उघडे टाकते; परंतु आत येण्याची सर्व दारे ते बंद करीत नाही.

शाबूत राहिलेले दार

१९६० साली प्राग येथील एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले, की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज साखर एकटी शिरत नाही. ती सोडियमला बरोबर घेऊनच शिरते. सोडियम आत आले की पाणीही येते. पटकीचे विष या वाटेला धक्का लावीत नाही. म्हणून नुसते मिठाचे पाणी प्यायल्यास ते बव्हंशी वाया जाते. पण त्यात साखर मिसळली की तेच पाणी शोषले जाऊ लागते. साखर या ठिकाणी केवळ पोषणासाठी नसते. मिठाला पेशीत घेऊन जाणारी ती सोबतीण असते.

कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी मीठ व ग्लुकोज यांचे द्रावण पाजून सौम्य व मध्यम पटकीचे १८६ रोगी बरे केल्याचे वृत्त १९५३ सालीच प्रसिद्ध केले होते. परंतु त्यामागील कारण तेव्हा सांगता येत नव्हते, आणि कारणावाचून आलेल्या अनुभवाकडे शास्त्रजगताने दुर्लक्ष केले. ढाक्याच्या प्रयोगशाळेत डेव्हिड नलिन व रिचर्ड कॅश यांनी १९६८ साली काटेकोर मोजमापांसह हा उपचार सिद्ध केला. त्याच सुमारास कलकत्त्यातही तशीच निरीक्षणे झाली.

खरी कसोटी लागली ती १९७१ साली. बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या काळात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळील बनगाव येथे पटकीची साथ भडकली. रुग्णालयाच्या खोल्यांत रोगी जमिनीवर दाटीवाटीने पडलेले होते आणि शिरेतून देण्याचे द्रावण संपत आले होते. तेथे काम करणारे डॉ. दिलीप महलानबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या कलकत्त्यात बांधून घेतल्या, पिंपांत द्रावण कालविले आणि ते रोग्यांना पाजण्याचे काम त्यांच्या नातेवाइकांवर सोपविले. आई मुलाला, भाऊ भावाला पेल्याने पाणी पाजू लागला. जेथे पूर्वी शेकडा ३० च्या आसपास रोगी दगावत, तेथे हे प्रमाण शेकडा ३.६ वर आले. जे काम केवळ वैद्याचे मानले जाई, ते घरचे माणूस करू शकते, हे यावरून सिद्ध झाले. आज जागतिक आरोग्य संघटना ज्या जलसंजीवनीची शिफारस करते, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

निदान आणि दक्षता

रोग्याच्या विष्ठेतील जंतू सूक्ष्मदर्शकाखाली तीरासारखे झेपावताना दिसतात. ते विशिष्ट माध्यमात वाढवून व रक्तजलाच्या साहाय्याने ओळखून निदान पक्के करतात. साथीचा माग घेण्यास हे आवश्यक आहे. परंतु उपचार त्यासाठी खोळंबता कामा नये. खोल गेलेले डोळे, कोरडी जीभ, चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश पूर्ववत होणारी त्वचा ही पाणी कमी झाल्याची चिन्हे होत. नाडी लागेनाशी झाली, रोगी ग्लानीत गेला किंवा त्याला पिता येईनासे झाले, तर शिरेवाटे द्रावण देण्यासाठी त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

इतर प्रसंगी पहिल्या जुलाबापासूनच पाजण्यास आरंभ करावा. पाकिटातील जलसंजीवनी सर्वांत उत्तम. ती न मिळाल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजत राहावे. हे प्रमाण मोडू नये. साखर फार झाली तर ती पाणी उलट आतड्यात ओढून घेते; मीठ फार झाले तर, विशेषतः लहान मुलांना, अपाय होतो. या पाण्याने जुलाब तत्काळ थांबत नाहीत. ते थांबत नाहीत म्हणून पाजणे सोडू नये. जेवढे जाते तेवढे भरून काढणे, हेच या उपचाराचे कार्य होय. तान्ह्या मुलांचे अंगावरील दूधही बंद करू नये.

शंभुनाथ दे १९८५ साली वारले. भारतातील एकाही मोठ्या सन्मानाने त्यांच्या कार्याची दखल त्यांच्या हयातीत घेतली गेली नाही. महलानबीस २०२२ साली निवर्तले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. पटकी अद्याप जगातून गेलेली नाही. शुद्ध पाणी व मलनिःसारण यांची व्यवस्था जेथे मोडते, तेथे ती आजही डोके वर काढते, आणि तिचे निर्मूलन याच व्यवस्थेने होणार आहे. तोपर्यंत मात्र रोग्याचे प्राण ज्या ज्ञानावर अवलंबून आहेत, ते प्रत्येक घरात असावयास हवे : आतडे तुटलेले नाही, एक दार अद्याप उघडे आहे, आणि त्या दाराची किल्ली स्वयंपाकघरातच आहे.