गुलाबी इंजिनाची बोली

१९५७ साली अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीने खास मुलींसाठी म्हणून खेळण्यातली एक आगगाडी काढली. इंजिन गुलाबी. मागे एक पिवळी वाघीण, एक निळी, एक फिकट जांभळी आणि शेवटी आकाशी रंगाचा गार्डाचा डबा. ही गाडी काही चालली नाही. आगगाडी घ्यायची तर ती खऱ्यासारखीच दिसली पाहिजे, असेच मुलींचेही मत असावे. दुकानांत माल पडून राहिला आणि काही दुकानदारांनी त्या इंजिनांना काळा रंग फासून ती खपवली, असे सांगतात. त्या काळ्या रंगातून बचावलेल्या गुलाबी गाडीवर आज संग्राहकांच्या उड्या पडतात.

उड्या पडतात तिथे नकलाही आल्याच. लायोनेलचे २०३७ क्रमांकाचे साधे काळे इंजिन त्या काळी भरपूर निघाले आणि आजही सहज मिळते. त्याला गुलाबी रंग दिला की झाले. एरवी जाणकार माणूस ते हातात घेईल, उलटे करील, स्क्रूच्या खाचेत डोकावेल. खाचेतला रंग खरवडलेला असला तर इंजिन कुणीतरी उघडले आहे. एखादा टवका उडून खाली काळा थर दिसला तर प्रश्नच मिटला. पण इंजिन सातासमुद्रापार कुणाच्या तरी टेबलावर आहे, समोर आहेत ते फक्त सहा फोटो आणि बोली संपायला उरलेत दोन दिवस. छोट्या गाड्यांच्या ऑनलाइन लिलावातली सगळी गंमत आणि सगळा धोका या सहा फोटोंत असतो.

हा बाजार पूर्वी मेळ्यांवर चालायचा. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी वर्षातून दोनदा भरणारा संग्राहकांचा मेळा त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे जाणे ज्याला परवडे, त्यालाच चांगला माल दिसे. १९९५ मध्ये पिएर ओमिद्यार यांनी सुरू केलेल्या लिलावाच्या संकेतस्थळाने, म्हणजे पुढच्या ईबेने, हे चित्र बदलले. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर. किंमत आली १४ डॉलर ८३ सेंट. मोडक्या वस्तूलाही कुठेतरी गिऱ्हाईक असतेच, हे त्यातून दिसले. छोट्या गाड्यांच्या बाबतीत तर ते तंतोतंत खरे ठरले. बंद पडलेले इंजिन, एकटे चाक, रिकामे खोके यांचेही लिलाव होतात, कारण जगात कुठेतरी कुणाचे तरी इंजिन नेमक्या त्याच चाकासाठी अडलेले असते.

बोलीची पद्धत नवख्याला चकवते. ईबेवर आपण आपली कमाल रक्कम सांगून ठेवायची आणि पुढची बोली यंत्रणा आपल्या वतीने लावत जाते. समजा तिघांनी ८०, १२० आणि २०० डॉलरची मर्यादा सांगितली. वस्तू २०० वाल्याला मिळते, पण तो देतो १२२ डॉलर ५० सेंट, म्हणजे दुसऱ्याच्या मर्यादेहून एक पायरी वर. विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये अशा ‘दुसऱ्या किमती’च्या लिलावाचे गणित मांडले होते. वस्तू आपल्याला खरोखर जेवढ्याची वाटते तेवढीच बोली लावावी आणि स्वस्थ बसावे, हे त्यातले शहाणपण.

प्रत्यक्षात कुणी स्वस्थ बसत नाही. लिलाव संपायला दहा सेकंद उरली की बोल्या अक्षरशः कोसळतात. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये या शेवटच्या क्षणाच्या बोलीवर शोधनिबंध लिहिला. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी बंद होतो; ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात अखेरीस बोली आली की वेळ वाढत असे. शेवटच्या क्षणाची झुंबड ईबेवर कितीतरी जास्त होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ईबेवर हा प्रकार संगणकांपेक्षा जुन्या दुर्मिळ वस्तूंच्या लिलावात अधिक आढळला. कारण सरळ आहे. जाणकाराने दोन दिवस आधी बोली लावली, की ‘हे इंजिन अस्सल आहे’ ही बातमी तो फुकटात सगळ्यांना देतो. म्हणून तो गप्प राहतो. ज्याला कळते तो शेवटी बोलतो.

आणि जाणकाराला कळते ते फोटोतूनच. १९३० च्या दशकातली पुष्कळ इंजिने जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली होती. त्या जस्तात शिशाचा अंश राहून गेला असेल, तर धातू आतल्या आत पोखरत जातो. संग्राहक याला ‘मॅझॅक रॉट’ म्हणतात. आपण जस्ताला लागलेली कीड म्हणू. आधी चाकाच्या कडेवर केसाएवढी बारीक चीर येते. मग धातू फुगतो, खालचा सांगाडा लांबतो आणि वरचे कवच त्यावर नीट बसेनासे होते. शेवटी बोटाने दाबले तरी शिळ्या भाकरीसारखे तुकडे पडतात. यावर उपाय नाही. म्हणून दूरवरून काढलेल्या देखण्या फोटोला भुलू नये. चाकांचे जवळून काढलेले फोटो मागावेत आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तो नाद सोडावा.

वर्णनातले शब्दही तोलून वाचावे लागतात. अमेरिकेतल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनने, ही संस्था १९५४ ची, मालाच्या अवस्थेसाठी ‘मिंट’पासून ‘पुअर’पर्यंत प्रती ठरवून दिल्या आहेत. पण विक्रेता त्या तशाच वापरतो असे नाही. ‘अनटेस्टेड’ या शब्दाचा अर्थ अनुभवी मंडळी ‘चालत नाही’ असाच धरतात. बहुतेक वेळा तोच बरोबर निघतो.

भारतातून बोली लावणाऱ्याला आणखी दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली विजेची. जुन्या लायोनेल गाड्या तीन रुळांवर, एसी विजेवर चालतात. जर्मनीची मेर्कलिन एसीवर, पण तिच्या रुळांमध्ये बारीक खिळ्यांची रांग. ब्रिटनची हॉर्नबी दोन रुळांवर, डीसीवर. एकीचे इंजिन दुसरीच्या रुळावर चालेल असे समजून घेऊ नये. त्यातून अमेरिकेचा ट्रान्सफॉर्मर ११०-१२० व्होल्टचा. तो सरळ आपल्या भिंतीतल्या २३० व्होल्टला जोडला तर जळालाच म्हणून समजा. दुसरी गोष्ट कस्टम्सची. खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. पार्सल कोणत्या सदरात धरले जाते यावर हिशेब बदलतो, पण बोलीचा आकडा ठरवण्याआधी टपालखर्च आणि शुल्क कागदावर मांडायलाच हवे. ईबेचे भारतातले संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाल्यापासून इथल्या शौकिनांचे बहुतेक व्यवहार परदेशीच होतात.

तरीही हा नाद आपल्याकडे आहे आणि जुना आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहिलेल्या कुठल्याही मुलाला तो समजावून सांगावा लागत नाही. घाटातल्या गाड्यांवर जीव असणाऱ्यांसाठी तर लिलावात एक ओळखीचा चेहरा असतो. मुंबई-पुणे मार्गावर १९२० च्या दशकाच्या अखेरीस आलेले विजेचे डब्ल्यूसीजी-१ इंजिन रेल्वेवाल्यांत ‘खेकडा’ म्हणून ओळखले जाई. त्याची आखणी स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरच्या कारखान्यातली. आल्प्समधल्या गोटहार्ड मार्गावरचे लांब नाकाचे ‘मगर’ इंजिनही त्याच कारखान्याचे. मेर्कलिनने बनवलेली ही मगर संग्राहकांची फार लाडकी आहे. तिच्या मध्ये सांधे असलेल्या लांब अंगात आपल्या खेकड्याचे नाते स्पष्ट दिसते.

विकणाऱ्याचेही एक काम आहे आणि ते पुष्कळजण उरकून टाकतात. जुने पुठ्ठ्याचे खोके स्वतःच किमती असते. कधी आतल्या वाघिणीहूनही जास्त. ते पार्सलचे खोके म्हणून वापरू नये. इंजिन मऊ कागदात गुंडाळून वेगळे, मूळ खोके वेगळे आणि दोन्ही मोठ्या मजबूत खोक्यात, हलवले तरी आत काही हलणार नाही असे. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली वस्तू आठ दिवसांच्या प्रवासात फुटू देणे फार वाईट.

पार्सल आले की लगेच वीज जोडायची घाई करू नये. आतले वंगण इतक्या वर्षांत मेणासारखे घट्ट झालेले असते. इंजिन उताणे ठेवावे, जुने वंगण हलक्या हाताने पुसावे, आसांवर तेलाचा एकेक थेंब सोडावा आणि चाक सहज फिरेल तेवढेच बोटाने फिरवून पाहावे. आधी ते अडते, मग कुरकुरते. दातेरी चाके मोकळी झाल्याचे बोटाला कळले, की मगच ते रुळावर ठेवावे आणि कंट्रोलरची मूठ अगदी हळू पुढे न्यावी.